उत्सवरात्रीचा दिवा आणि तो वाहणारे हात

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत शाळा उभी राहिली, असा वृत्तांत येत असतो; आणि तो येणें योग्यच होय. परंतु ज्या दिव्यांच्या उजेडांत धर्मग्रामांतील मंडळी रात्रीं एकत्र जमली, त्या दिव्यांचा वृत्तांत सहसा कोणी लिहीत नाहीं. नाताळची मध्यरात्र, पुनरुत्थानाचें जागरण, आश्रयदात्या संताच्या सणाची सायंकाळ, असे आपले कितीतरी मेळे उघड्या आकाशाखालीं भरतात. अशा मेळ्याला छप्पर नसलें तरी चालतें, बाकें कमी पडलीं तरी चालतें. दिवा नसला तर मात्र चालत नाहीं.

अलीकडे अशा रात्रीं पटांगणांतील झाडाच्या फांदीवर, गव्हाणीच्या कडेला, फराळाच्या टेबलावर आणि पायऱ्यांच्या काठावर लहान लहान एलईडी कंदील दिसूं लागले आहेत. त्यांना ना तेल लागतें ना वात, ना तार ना खांब. लहान मूल तो कंदील करंगळीला अडकवून मिरवतें. वस्तु इतकी सोपी झाली कीं तिच्याविषयीं विचारण्यासारखें कांहीं उरलें आहे असें कोणास वाटत नाहीं. आम्हांस मात्र येथें दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. हा दिवा आपल्या हातीं कोणत्या वाटेनें आला? आणि तो येण्यापूर्वीं उत्सवाचा दिवा कोणाच्या हातीं, किंबहुना कोणाच्या डोक्यावर होता? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर इतिहासाच्या ग्रंथांत फारसें सांपडत नाहीं. म्हणूनच तें येथें नमूद करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

रात्रीच्या मेळ्याला दिवा घेऊन जाण्याची चाल ख्रिस्तसभेइतकीच जुनी आहे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारी वराला सामोऱ्या निघाल्या त्या आपापले दिवे घेऊन. आणि त्यांचें शहाणपण व मूर्खपण तेलाच्या तजविजीवरच ठरलें. उलट संत योहान सांगतो कीं, गेथसेमनीच्या बागेंत प्रभूला धरावयास आलेल्या टोळीच्या हातींहि मशाली व कंदील होते. दिवा स्वतः ना पुण्यवान ना पापी. तो कोणाच्या हातीं आहे व कोणासाठीं धरला आहे, यावर त्याचें मोल ठरतें.

चौथ्या शतकाच्या अखेरीस, इ. स. ३८१ ते ३८४ च्या सुमारास, इजेरिया नांवाची एक भाविक स्त्री पश्चिमेकडून यरुशलेमेस यात्रेला गेली व तेथील उपासनेचें वर्णन तिनें आपल्या भगिनींस लिहून कळविलें. त्या वृत्तांताची प्रत कित्येक शतकें अज्ञात राहून १८८४ सालीं इटलींतील अरेझ्झो येथें उजेडांत आली. पवित्र गुरुवारची रात्र लोकांनीं जैतुनांच्या डोंगरावर प्रार्थनेंत घालवावी आणि कोंबडा आरवण्याच्या सुमारास गीतें गात गेथसेमनीकडे उतरावें, असा तेथील परिपाठ होता. लहानांतलें लहान मूलहि पायींच उतरे. जागरणानें व उपवासानें लोक थकलेले असत, म्हणून सर्वजण अगदीं सावकाश चालत. आणि गेथसेमनी येथें देवळाकडून दोनशेंहून अधिक मेणबत्त्या तयार ठेवलेल्या असत. कशासाठीं, तर सर्व लोकांना उजेड मिळावा म्हणून. वेदीच्या शोभेचा किंवा कोणा अधिकाऱ्याच्या मानाचा येथें प्रश्न नव्हता. उतारावर थकलेल्या पायांचा होता. उघड्यावरील उत्सवांत दिव्यांची व्यवस्था कशी असावी याचा याहून सुंदर दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं.

त्याहीपूर्वीं, २५१ सालच्या पोप कोर्नेलियस यांच्या एका पत्रांत, रोमच्या ख्रिस्तसभेंत बेचाळीस अकोलीत असल्याची नोंद आढळते. उपासनेच्या वेळीं मेणबत्ती वाहणें हें पुढें याच सेवकवर्गाचें विशेष काम ठरलें, आणि त्या पदावर नेमतांना उमेदवाराच्या हातीं मेणबत्ती दिली जाऊं लागली. म्हणजे दिवा वाहणें हें काम ख्रिस्तसभेनें हलकें मानलें नाहीं. त्याला पदाचा मान दिला. शब्दांचा इतिहासहि येथें साक्ष देतो. मेणबत्तीला लातिनी भाषेंत 'कांदेला' म्हणतात. हाच शब्द ग्रीकांकडून अरबांकडे गेला, तेथें 'किंदील' झाला, आणि तोच आपल्या मराठींत 'कंदील' होऊन बसला. इजेरियेच्या हातांतील मेणबत्ती आणि आपल्या पडवींतला कंदील हीं अशा रीतीनें एकाच कुळांतलीं भावंडें आहेत.

आतां आपल्या देशाकडे वळूं. खनिज तेल येण्यापूर्वीं घरच्या समईंत व पणतींत गोडें तेल किंवा करंजेल जळत असे, आणि कोकणपट्टींत खोबरेल व उंडेल. घरांत हा उजेड पुरे. परंतु उघड्यावर वाऱ्याची एक झुळूक आली कीं पणती विझून जाई. म्हणून मिरवणुकीला मशाल व दिवटी लागे. काठीच्या टोकाला चिंध्या घट्ट गुंडाळून त्या तेलांत भिजवीत, आणि मशालजी एका हातानें मशाल धरून दुसऱ्या हातांतील बुधल्यांतून तिच्यावर तेल घालीत चाले. धूर त्याच्या डोळ्यांत जाई, ठिणग्या त्याच्या अंगावर उडत. मिरवणुकींत तो सर्वांच्या पुढें असे, पंगतींत बहुधा सर्वांच्या शेवटीं. 'दिव्याखालीं अंधार' ही म्हण आपण सहज बोलून जातों. मशालजीला ती रोज जगावी लागे.

या स्थितींत पहिला मोठा पालट घडविला तो खनिज तेलानें. पोलिश औषधविक्रेता इग्नासी लुकासेविच यानें खनिज तेल शुद्ध करून त्यावर जळणारा दिवा तयार केला, आणि ३१ जुलै १८५३ च्या रात्रीं ल्विव शहरांतील इस्पितळांत त्याच्या दिव्यांच्या उजेडांत एका रोग्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. हें शहर त्या काळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होतें, आज तें युक्रेनमध्यें आहे. लुकासेविच हा श्रद्धाळू कथोलिक होता. मिळविलेल्या संपत्तींतून त्यानें रस्ते, शाळा व देवळें उभारण्यास साहाय्य केलें. पुढें १८५९ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत एडविन ड्रेक यानें तेलाची विहीर खोदली आणि हें तेल जगभर स्वस्त झालें. आपल्याकडे त्यास कोणी रॉकेल म्हणूं लागले, कोणी घासलेट.

तेल आलें तरी वाऱ्याचा प्रश्न राहिलाच होता. तो जॉन अर्विन या अमेरिकन कारागिरानें १८६८ च्या सुमारास सोडविला. त्यानें कंदिलाच्या दोन्ही बाजूंस पत्र्याच्या पोकळ नळ्या बसविल्या. ज्योतीला लागणारी हवा उघड्या भोकांतून थेट न येतां या नळ्यांतून वरून खालीं उतरते, म्हणून बाहेर वादळ असलें तरी आंत ज्योत स्थिर राहते. न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीनें असले कंदील जगभर खपविले, आणि वादळांतहि न विझणारा म्हणून त्यांस 'हरिकेन' हें नांव पडलें. महाराष्ट्रांत या कंदिलाला स्वदेशी रूप दिलें तें ओगले बंधूंनीं. कऱ्हाडजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानांत, १९१६ सालीं त्यांनीं कांचकारखाना काढला. त्या ठिकाणाला पुढें ओगलेवाडी हेंच नांव मिळालें. तेथला 'प्रभाकर' कंदील खेड्यापाड्यांतून घरोघरीं पोंचला. दिवेलागणीच्या आधीं कांच राखेनें पुसणें, वात सारखी कातरणें, तेल भरणें हें ज्या घरांत मुलांचें नित्याचें काम नव्हतें, असें घर त्या पिढींत विरळाच.

उत्सवाच्या दृष्टीनें हरिकेन कंदिलाची मोठी थोरवी ही कीं, तो ज्याचा त्याच्या हातांत होता. मध्यरात्रीच्या मिस्सेला बांधावरून येणारें कुटुंब आपला कंदील आपण घेऊन येई. त्याचा उजेड थोडा; दोन-चार पावलांपुरताच. परंतु त्या दोन-चार पावलांसाठीं दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत धूर जात नसे.

मोठ्या मेळ्याला मात्र हा उजेड अपुरा पडे. तेथें आली गॅसबत्ती. तिचा जीव म्हणजे जाळीची पिशवी, जिला आपण मेंटल म्हणतों. ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर यानें १८८५ सालीं प्रथम तिचें पेटंट घेतलें, आणि १८९१ सालीं नव्व्याण्णव भाग थोरियम व एक भाग सेरियम यांच्या क्षारांत कापड भिजवून तिला पूर्णत्व आणलें. कापड जळून जातें, उरलेली राखेची जाळी ज्योतींत पांढरीशुभ्र तळपते. हें थोरियम मिळतें तें मोनाझाइट नांवाच्या वाळूंतून. १९०९ सालीं शोम्बर्ग नांवाच्या जर्मन गृहस्थास ती वाळू त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली आढळली, आणि तेव्हांपासून आपल्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील रेती युरोपांतील दिव्यांसाठीं जहाजांतून जाऊं लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीं दाबाखालीं रॉकेलची वाफ करून मेंटल तापविणारा किटसनचा दिवा निघाला, आणि १९१० च्या सुमारास बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ यांचा पेट्रोमॅक्स. पंप मारून टाकींत हवा भरावी, स्पिरिटनें नळी तापवावी, आणि सूं-सूं आवाज करीत एकच दिवा शेंकडों मेणबत्त्यांइतका उजेड पाडूं लागे. जत्रा, कीर्तन, तमाशा, लग्न, नाताळचें नाटक, सारें या आवाजाच्या साथीनें होऊं लागलें.

परंतु येथेंच आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आहे. तेलानें भरलेल्या गॅसबत्तीचें वजन अडीच-तीन किलो होतें. मिरवणूक चालूं लागली कीं ती बत्ती कोणाच्या तरी डोक्यावर चढे. त्यासाठीं रोजानें मजूर आणीत: भूमिहीन पुरुष, बायका, पुष्कळदां अर्धवट वयाचीं मुलें. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर जळती बत्ती. वर धग, कानाशीं सतत फुत्कार, मानेवर भार. आणि चाल मात्र वाजंत्र्यांच्या चालीप्रमाणें ठेवावयाची. हे लोक दोन रांगांनीं चालत, आणि त्यांच्यामधून नटूनथटून उत्सवाचे लोक जात. उजेड त्यांच्याच डोक्यावर असे. पण सर्वांचे डोळे त्या उजेडांतून पुढें, नवरदेवाकडे किंवा मूर्तीकडे. आपल्या देशांतील लग्नाच्या वराती, जत्रा व सणांच्या मिरवणुका यांना हें चित्र कित्येक पिढ्या इतकें सवयीचें झालें होतें कीं त्यांत कोणास कांहीं वावगें वाटेनासें झालें. रोमच्या ख्रिस्तसभेनें ज्या कामाला पद दिलें, त्याच कामाला बाजारानें रोजंदारी ठरविली. पुढें विजेच्या नळ्या आल्या, तरी वरातींतून हें चित्र गेलें नाहीं. बत्तीच्या जागीं तारांनीं जनित्राला जोडलेलीं झुंबरें आलीं, डोकीं तींच राहिलीं.

विजेचा दिवा आपल्या प्रांतांत लवकर आला. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत १८८२ सालींच विजेचे दिवे लागले होते. देवळांत तो कितपत आणावा याविषयीं रोमकडे पृच्छा झाली, तेव्हां १८९५ सालीं उपासनाविधींच्या पवित्र मंडळानें मार्मिक निवाडा दिला. उपासनेचा दिवा म्हणून विजेचा दिवा चालणार नाहीं. मात्र अंधार घालविण्यासाठीं आणि देऊळ अधिक उजळण्यासाठीं तो वापरण्यास हरकत नाहीं, असा त्याचा आशय. वेदीवरची ज्योत ही अर्पण आहे. ती जळते, झिजते, आणि झिजणें हीच तिची प्रार्थना. दुसरा दिवा हा सेवक आहे. त्यानें वाट दाखवावी, पुस्तकांतलीं अक्षरें दाखवावीं, शेजाऱ्याचें मुख दाखवावें. आजचा एलईडी कंदील या दुसऱ्या वर्गांतला होय. त्याला वेदीवरील मेणबत्तीची जागा देऊं नये. आणि सेवक म्हणून त्याला कमीहि लेखूं नये.

उघड्यावरील रात्रीच्या मेळ्याला आपल्या उपासनेंत नवें महत्त्व आलें तें १९५१ सालापासून. त्यापूर्वीं कित्येक शतकें पुनरुत्थानाचा जागरणविधि पवित्र शनिवारीं सकाळींच उरकला जात असे. नव्या अग्नीचा आशीर्वाद सूर्याच्या उजेडांत होई आणि रात्रीची स्तुति भर दिवसा गाइली जाई. पोप बारावे पायस यांनीं १९५१ सालीं हा विधि प्रयोगादाखल पुन्हा रात्रीं करण्याची मुभा दिली, आणि १९५६ सालापासून ती सर्वत्र रीत झाली. तेव्हांपासून देवळाबाहेर अंधारांत अग्नि पेटतो, त्यावरून पास्काची मेणबत्ती पेटते, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातांतली. एका ज्योतीवरून हजार ज्योती पेटल्या तरी मूळची ज्योत उणी होत नाहीं, हें त्या रात्रींचें तत्त्वज्ञान लहान मुलालाहि डोळ्यांनीं दिसतें. त्या रात्रीं दिवा वाहणारा व उत्सव करणारा असे दोन वर्ग राहत नाहींत. जो उत्सव करतो तोच दिवा धरतो.

हेंच तत्त्व जर्मनींत, विशेषतः ऱ्हाइन नदीच्या प्रदेशांत, संत मार्टिनच्या सणीं पाहावयास मिळतें. अमियें नगराच्या वेशींत थंडीनें कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा हा सैनिक पुढें तूर नगराचा बिशप झाला. तो ३९७ सालीं निवर्तला, आणि ११ नोव्हेंबर रोजीं त्याचें दफन झालें. दरसाल त्या सुमारास तिन्हीसांजेला मुलें कागदी कंदील घेऊन गात रस्त्यानें निघतात. पुढें घोड्यावर लाल झगा पांघरलेला मार्टिन असतो, आणि शेवटीं मोठी होळी पेटवितात. पूर्वीं बीटासारखे कंद कोरून त्यांत मेणबत्ती ठेवीत, पुढें कागदाचे कंदील आले. कागद आणि ज्योत यांचें वैर जुनेंच. म्हणून आतां बहुतेक मुलांच्या काठीच्या टोकाला कागदाच्या आंत एलईडीचा लहान दिवा असतो. कांहीं वडील मंडळींना मेणबत्तीच्या थरथरत्या उजेडाची आठवण येते. परंतु चार वर्षांचें पोर एकटें, निर्भयपणें आपला कंदील धरून चालूं शकतें, हा लाभ लहान नव्हे.

हा एलईडी दिवा म्हणजे आहे तरी काय? तेल, मेण व जुना विजेचा बल्ब, या सर्वांत उजेडासाठीं आधीं कांहींतरी तापवावें लागतें. बहुतेक शक्ति उष्णतेंत जाते आणि उजेड हा जणूं उरलेला प्रसाद असतो. एलईडींत तसें नाहीं. विशिष्ट स्फटिकांच्या दोन थरांच्या सीमेवरून विजेचा प्रवाह जाऊं लागला कीं त्या सीमेवरच सरळ प्रकाश उत्पन्न होतो. हा चमत्कार इंग्रज अभियंता हेन्री राउंड यानें १९०७ सालीं प्रथम नोंदला. रशियांतील ओलेग लोसेव यानें १९२० नंतरच्या दशकांत त्याचा कसून अभ्यास केला. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोनियाक यानें डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी सिद्ध केला. पुढें हिरवाहि मिळाला. परंतु निळा कांहीं केल्या साधेना, आणि निळ्यावांचून पांढरा उजेड नाहीं. जपानचे इसामु आकासाकी व हिरोशी आमानो यांनीं, आणि स्वतंत्रपणें शुजी नाकामुरा यानें, गॅलियम नायट्राइड या हट्टी पदार्थावर वर्षानुवर्षें परिश्रम केले. १९९३ सालीं नाकामुरानें तेजस्वी निळा एलईडी जगापुढें ठेवला. त्यावर पिवळ्या प्रकाशाचा लेप दिला कीं निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. या शोधाबद्दल तिघांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. जुना बल्ब एका वॅटमागें सुमारें सोळा ल्यूमेन उजेड देई. त्या सालापर्यंत उत्तमांतल्या उत्तम एलईडीनें तीनशें ल्यूमेनचा टप्पा गांठला होता.

दिवा असा अल्पाहारी झाल्यामुळेंच तो तारेपासून सुटला. त्याला जोड मिळाली ती १९९१ सालीं बाजारांत आलेल्या लिथियम-आयन बॅटरीची आणि सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या पट्टीची. दिवसा उन्हांत ठेवलेला कंदील रात्रभर पुरतो. मुंबईच्या आयआयटी या संस्थेनें सौर अभ्यासदिव्यांची योजना काढून खेड्यांतील मुलांपर्यंत असे लक्षावधि दिवे पोंचविले; विशेष हें कीं, दिव्यांची जुळणी व दुरुस्ती गांवांतल्याच माणसांना शिकविली. ज्या घरांत रॉकेलच्या चिमणीच्या धुरांत मुलें वाचीत, तेथें हा दिवा म्हणजे केवळ सोय नव्हे. तें आरोग्य आहे व विद्या आहे.

आपल्या उघड्यावरील मेळ्यांतहि त्याचा उपयोग समजून करावा. मंडपाच्या कापडाखालीं, गव्हाणीच्या गवताजवळ आणि मुलांच्या वावरांत उघड्या ज्योतीपेक्षां एलईडी कंदील शतपटीनें सुरक्षित. तो उंच टांगून डोळ्यांवर मारण्यापेक्षां खालीं, पायऱ्यांच्या कडेला, उंबरठ्याशीं, पाण्याच्या पिंपाजवळ, गटाराच्या काठीं ठेवावा. म्हाताऱ्या माणसाला पाय कोठें टाकावा हें कळणें अधिक जरूरीचें. निळसर पांढऱ्यापेक्षां पिवळसर उजेड घ्यावा. तो डोळ्यांना सौम्य लागतो व त्यावर किडेहि कमी येतात. आदल्या दिवशींच बॅटऱ्या भराव्या, आणि कांहीं कंदील राखून ठेवावे. निकामी झालेली बॅटरी मात्र कचऱ्यांत टाकूं नये, जाळूं तर मुळींच नये. २०२२ सालच्या सरकारी नियमांप्रमाणें ती वेगळी गोळा करून परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेलाचा धूर गेला म्हणून दुसरें विष मातींत पुरावें, हें शहाणपण नव्हे.

येणेंप्रमाणें मशालजीच्या डोळ्यांतला धूर गेला, आणि मजुराच्या डोक्यावरचा भार उतरण्याची सोय झाली. दिवा करंगळीवर पेलण्याइतका हलका झाला. यास्तव कोणत्याहि उत्सवासाठीं रोजानें माणूस आणून त्याच्या डोक्यावर दिवा ठेवण्यास आतां कसलीहि सबब उरलेली नाहीं. परंतु इतिहास येथें आपणांस एक सूचना देतो. भार उतरला म्हणजे त्या माणसाला उत्सवांत जागा मिळाली असें होत नाहीं. पूर्वीं तो निदान मिरवणुकीच्या पुढें तरी दिसे. आतां तो दिसेनासाहि होऊं शकतो. मंडप बांधणारे, खुर्च्या वाहणारे, पहाटे पटांगण झाडणारे हात आजहि आहेत, आणि आपल्या झगमगाटापलीकडच्या अंधारांत ते आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे असतात.

दुसरी सूचना अशी. उजेड महाग होता तेव्हां तो जपून, वांटून वापरला जाई; स्वस्त झाल्यावर त्याची उधळपट्टी सुरू होते. पटांगण दिवसासारखें लखलखीत केलें कीं पास्काच्या ज्योतीचा अर्थ हरवतो, नाताळच्या रात्रीचे तारे दिसत नाहींत, आणि कडेच्या झोपडींतल्या आजाऱ्याला झोंप येत नाहीं. रात्र ही कांहीं शत्रु नव्हे. आपला प्रभु रात्रींच जन्मला. दिवे पुरेसे असावे, फाजील नसावे. आणि विधीच्या वेळीं त्यांतले बहुतेक मालवावे.

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें धर्मग्रामांतील मंडळींपुढें आमची एक लहानशी सूचना आहे. सणाच्या रात्रीं प्रत्येक घरानें एक कंदील आणावा. शक्य त्यानें दोन आणावे. दुसरा कंदील, मेळा संपल्यावर, ज्याची वाट लांबची व अंधाराची आहे त्याच्या हातीं द्यावा: मग तो आपल्या धर्माचा असो वा नसो, पाहुणा असो वा पटांगण झाडणारा मजूर असो. आणि तो परत मागूं नये. संत मार्टिननें अर्धा झगा दिला. आपणांकडून एवढा उजेड दिला जावा, हें फार मागणें नव्हे.

सोळाशें वर्षांपूर्वीं यरुशलेमच्या उतारावर दोनशें मेणबत्त्या लावल्या गेल्या त्या सर्व लोकांसाठीं. त्यानंतर मेणाच्या जागीं तेल आलें, तेलाच्या जागीं वायु, वायूच्या जागीं वीज. कंदिलाचें रूप पालटलें, त्याचें प्रयोजन पालटलें नाहीं. पुढील ज्युबिलीला आपलीं नातवंडें याच पटांगणांत जमतील, तेव्हां त्यांच्या हातीं कोणता दिवा असेल हें आज कोण सांगूं शकेल? तो कोणताहि असो. तो सर्वांसाठीं असावा, आणि तो वाहणारा हात उत्सवांत सामील असावा, एवढीच परमेश्वराजवळ प्रार्थना.